जाम बोल्ट, आप्पांची जीप आणि चौदा महिने

गेल्या आठवड्यात आरसीचं नवं कार्ड पोस्टानं घरी आलं. त्यावर आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, जागी माझं नाव आहे आणि जीपला पुढची पाच वर्षं रस्त्यावर फिरायची मुभा आहे. नोव्हेंबर २०२३ ला तिच्या दुरुस्तीला हात घातला होता, जानेवारी २०२५ उजाडला. या चौदा महिन्यांतले निम्मे नुसते बोल्ट सोडवण्यात गेले. जुनी गाडी नवी केलेल्यांचे फोटो पाहून वाटतं की रंग, टायर, सीटकव्हर झालं की काम झालं. आधी ती गाडी उघडावी लागते, हे त्या फोटोंत दिसत नाही.

मी मेकॅनिक नाही. बेळगावात नोकरी करतो, शनिवारी संध्याकाळी गावी जातो आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत येतो. त्यामुळे इथे लिहिलेलं सगळं एका हौशी माणसानं चुका करत शिकलेलं आहे, हे धरूनच वाचा.

जीप मार्च १९७९ ची. महिंद्राची सीजे-थ्रीबी, पेट्रोल इंजिन. आमचं गाव खानापूर तालुक्यात, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या जांबोटी रस्त्याला. इकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जूनला सुरू झाला की दसऱ्यापर्यंत कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते. आप्पांनी मार्च २०१९ मध्ये शेवटचं पासिंग करून आणलं. त्याच ऑगस्टच्या पावसात शेडचे दोन पत्रे गेले, पाठोपाठ आप्पांचं आजारपण आलं आणि जीप तिथंच राहिली. २०२१ मध्ये आप्पा गेले. शेड दुरुस्त करायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. बरोबर नवीन घेतलेला मिलिमीटरचा पान्यांचा सेट, एक स्प्रेचा डबा आणि भरपूर उत्साह. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकापासून सुरुवात केली. पाच नट. त्यातले दोन पान्याच्या दांड्याला पाईप लावून सुटले, उरलेल्यांवर स्प्रे मारून जेवायला गेलो, तर दुपारी तेही सुटले. मनात म्हटलं, एवढंच होय!

पुढच्या रविवारी डावं चाक घेतलं. एकही नट हलेना. स्प्रे मारला, रॉकेल सोडलं, चार फुटी पाईप लावून त्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या. खट्ट करून एक स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला. त्या आनंदात दुसराही तोडला. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात जांबोटी क्रॉसवरचे वेल्डिंगवाले मामा कुणाचं तरी फाटक पोचवून परत जाताना थांबले.

"कुणीकडं फिरवायलास?"

"डावीकडं. नट डावीकडंच सुटतो की मामा."

"उजव्या चाकाचा. डाव्या चाकाचा उजवीकडं सुटतोय. जुनी जीप हाय ती, बाबा."

उरलेल्या एका स्टडचं तोंड तारेच्या ब्रशनं घासलं. गंजाखालून इंग्रजी 'एल' अक्षर वर आलं. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं त्या फिरण्यानंच नट ढिले होऊ नयेत, म्हणून डावीकडे उलटे आटे. म्हणजे इतका वेळ मी ते नट जीव खाऊन आवळत होतो. मामांनी पाईप उजवीकडे दाबला आणि नट कुरकुरत सुटला.

आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "आप्पा चाक काढताना नेहमी म्हणायचे, ह्या बाजूला उलटं. मला वाटलं तुला ठाऊक असंल."

त्या दिवशी शंभर पानी वही घेतली. प्रत्येक बोल्ट लिहायचा: कुठला, कोणता पाना, काय केलं, काय झालं. ही वही नसती तर पुढे जोडणी करताना मी वेडा झालो असतो. बोल्ट काढला की प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर वहीतला नंबर. फोनवर फोटो काढलेत म्हणून पिशव्या टाळू नका. फोटोत बोल्टाची लांबी कळत नाही.

दुसरी चूक पान्यांची. ही जीप इंचाच्या मापातली, आणि जुने मिस्त्री मोजतात सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यातही गंमत अशी की बोल्ट ओळखायचा दांड्यावरून आणि पाना लागतो डोक्याच्या मापाचा. तीन सुती बोल्टाला साडेचार सुती पाना. साडेचार सूत म्हणजे १४.२९ मिलिमीटर, म्हणजे चौदाचा पाना चढत नाही आणि पंधराचा सैल बसतो. चार सूत म्हणजे १२.७. त्यावर तेराचा पाना चढतो, बरोबर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की बोल्टाच्या डोक्याचे कोपरे खाऊन गोल करून टाकतो. मी अशी चार डोकी घालवली. मग बेळगावात जुन्या सामानाच्या दुकानातून इंचाचे रिंग पाने आणि गोटी पाने (सॉकेट) घेतले, सगळे मिळून २,६०० रुपये. गोटी पाना घेताना आतून सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा पाना बोल्टाच्या कोपऱ्याला धरतो, सहा कोनांचा सपाट बाजूंना धरतो. गंजलेल्या डोक्यावर हा फरक मोठा पडतो.

आता तेलाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ त्याचाच गेला.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती गंजानं ठासून भरते. तेलाला आत शिरायला वाट उरते ती त्या गंजातल्या बारीक चिरांमधून. म्हणून आधी तारेच्या ब्रशनं आट्यांचा उघडा भाग स्वच्छ करायचा. मी पहिल्या महिन्यात नुसत्या मातीवर आणि जुन्या ग्रीसवर स्प्रे मारत होतो. डबा रिकामा, बोल्ट कोरडा. सगळीकडे मिळणारा तो निळा-पिवळा डबा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला. जाम बोल्टासाठी खास आत मुरणारं तेल वेगळं मिळतं, ते मागून घ्यावं.

पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं, हा घरगुती उपायही केला. चांगला आहे, पण दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत. थोडा वेळ ठेवलं की वेगळे थर होतात, म्हणून दर वेळी हलवून घ्यायचं. ॲसिटोन रंग खातो, कित्येक प्रकारचं प्लॅस्टिक खातो आणि पटकन पेटतो. ते जिथं सोडलंय तिथं त्या दिवशी गॅसची ज्योत न्यायची नाही.

मी आठवड्यात एकच दिवस गावी. तेल मात्र रोज लागतं. हा प्रश्न आईनं सोडवला. शिलाई मशीनची लांब चोचीची पत्र्याची कुपी तिच्याकडे होती. सकाळी तुळशीला पाणी घातलं की ती कुपी घेऊन शेडमध्ये जायची. मी ज्या बोल्टांना खडूनं गोल केलेत त्यांवर दोन-दोन थेंब सोडायची आणि वर छोट्या हातोडीनं टक-टक दोन ठोके. ठोके माझ्या सांगण्यावरून. त्या धक्क्यानं गंजाला चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते. पहिल्या आठवड्यात फोनवर विचारलं तर म्हणाली, "देवाला फुलं वाहिल्यागत वाटतंय, पण देव काय पावंना." तिसऱ्या शनिवारी मडगार्डचे अकरा बोल्ट एका संध्याकाळी सुटले. पाईप न लावता, हातानं.

सोडवायची पद्धत मामांनी शिकवली. थेट सोडायच्या दिशेला जोर लावायचा नाही. आधी किंचित आवळायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग सोडायचा. पाव फेरा आला की पुन्हा थोडा मागे, पुन्हा तेल. जाता-येता तो गंजाची पूड करत बाहेर येतो. फिरताना बोल्ट जड व्हायला लागला की थांबायचं. तुटायच्या आधी बोल्ट एकदम मऊ लागतो, पाना अलगद फिरल्यासारखा वाटतो. त्या मऊपणावर मी पहिल्यांदा खूष झालो होतो. तो बोल्ट पिळून तुटत होता.

जानेवारीत स्प्रिंगचे यू-बोल्ट. त्यांच्यावर वेळ घालवला नाही. ग्राइंडरनं कापून टाकले आणि बेळगावला उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत नवे वळवून, आटे पाडून घेतले. स्प्रिंगच्या पट्ट्यांजवळ गॅस न्यायचा नाही, तापवलं की त्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. एक पट्टी तुटली तर तिची किंमत बोल्टापेक्षा कितीतरी जास्त. ब्रेकच्या नळ्यांचे नट गोल झाले होते, तिथंही नळी कापली आणि नट उरलेल्या तुकड्यासकट गोटी पान्यानं काढला. नळ्या बदलायच्याच होत्या. काय वाचवायचं आणि काय बळी द्यायचं हे आधी ठरवलं की निम्मं काम हलकं होतं. मला ते उशिरा सुचलं.

काचेच्या चौकटीचे स्क्रू मात्र वाचवायचे होते. त्यांच्या खाचा झिजलेल्या. हातोडा मारला की स्वतः फिरणारा पेचकस मिळतो, तो आणला. त्याच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट चिमूटभर लावली की पेचकस घसरत नाही. ही युक्ती उद्यमबागेतल्या लेथवाल्या काकांची. बारापैकी नऊ स्क्रू निघाले.

फेब्रुवारीत सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या ओतीव नळीला, हात घातला आणि खरी परीक्षा सुरू झाली. हे स्टड चाळीस-पंचेचाळीस वर्षं तापून थंड होत आलेले. वरून नट दिसायला गंजाची ढेकळं. इथं तेल चालत नाही, गॅसच लागतो, असं मामा म्हणाले. पण सीजे-थ्रीबीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. आधी टाकी काढून गोठ्यापलीकडे नेऊन ठेवली. पेट्रोलची नळी काढून तोंड बंद केलं. बॅटरी नव्हतीच. बाजूला वाळूच्या दोन बादल्या आणि ओली पोती. हे सगळं करायला पूर्ण रविवार गेला आणि एकही नट सुटला नाही. तो रविवार वाया गेला असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढच्या रविवारी एका फडक्यानं पेट घेतला आणि तिथल्या तिथे वाळूत विझला, तेव्हा वाटणं बदललं.

तापवायचा नट, बोल्ट नाही. नट तापून फुगला की त्याचं भोक मोठं होतं. किती? अर्धा इंची नट तीनशे अंशांनी तापवला तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले चार-पाच भाग. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. मामा नटाभोवती ज्योत फिरवत राहिले. नट मंद लालसर झाला तशी ज्योत बाजूला घेतली. मग त्यांनी खिशातून देवघरातली असते तशी पांढरी मेणबत्ती काढली आणि आट्यांच्या तोंडाशी टेकवली. मेण चर्र करून वितळलं, धूर निघाला आणि बघता बघता ते आत ओढलं गेलं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. अर्धा मिनिट थांबून त्यांनी रिंग पाना चढवला. कीर्र असा एक लांब आवाज आला. पाच वर्षांत पहिल्यांदा तो नट हलला.

मला चढली. मामा जेवायला गेले आणि मी एकट्यानं दोन नट तापवले. पहिला निघाला. दुसऱ्याचा स्टड ब्लॉकच्या तोंडाशीच तुटला. तरी थांबावं की नाही? नाही. फोनवर पाहिलेलं आठवून तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडलं, ते मध्यापासून जरा सरकलं, आणि त्यात इझी आऊट, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा, ठोकून फिरवला. तोही आत तुटला. इझी आऊट कडक पोलादाचा असतो. साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. म्हणजे आधी अडचण मऊ स्टडची होती, आता त्याच भोकात स्टडहून कडक वस्तू अडकली.

मामांनी परत आल्यावर बघितलं, काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "आता इंजिनच खाली घ्यायचं की."

इंजिन उतरवायला दोन रविवार, चार माणसं आणि शेजारच्यांचा चेनब्लॉक. छोट्या हत्तीतून उद्यमबागेत. लेथवाल्या काकांनी कार्बाइडच्या बारीक टोकाच्या ग्राइंडरनं इझी आऊटचा चुरा करत करत दोन तासांत तो बाहेर काढला. ९०० रुपये घेतले. कन्नडात कामगाराला काहीतरी सांगून दोघंही हसले. मला कन्नड बोलता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "दरवर्षी एक तरी असला येतोच," असं ते म्हणाले होते. मीही हसलो, मग तिघं मिळून चहा प्यालो.

मॅनिफोल्डचे आणखी दोन स्टड तुटले होते. तिथं मामांनी बरोबर उपाय केला. तुटलेल्या तोंडावर वॉशर, वॉशरवर नट, आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरून नट स्टडला जोडून टाकला. वेल्डिंगनं स्टड आतून लालबुंद तापतो, थंड होताना आकसतो, आणि धरायला नवं डोकंही मिळतं. हात लावण्याइतपत थंड होऊ द्यायचं आणि मग पुढे-मागे करत सोडायचं. एक पहिल्या प्रयत्नात निघाला, दुसऱ्याला तीनदा नट जोडावा लागला. हे आधी केलं असतं तर इंजिन खाली घ्यावं लागलं नसतं. पण खाली घेतल्यामुळे क्लच बघता आला, असं मी स्वतःला सांगत असतो.

एप्रिलमध्ये बारीक सामान साफ करायचं होतं: बिजागऱ्या, कड्या, पेडलं, परत वापरायचे बोल्ट. दोन प्रकार करून पाहिले. एक, प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची ऋण तार सामानाला आणि धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीला. गंज सुटतो, पण पट्टीच्या समोरच्या बाजूचाच नीट सुटतो. मधून मधून सामान फिरवावं लागतं. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं, आणि धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. दुसरा प्रकार आपल्या ऊसपट्ट्याला शोभणारा. मळीच्या पाण्यात गंज सुटतो असं वाचलं होतं. मळी सहज मिळत नाही, म्हणून संकेश्वरकडून जनावरांसाठीचा काळा गूळ आणला, एक भाग गुळाला नऊ भाग पाणी. सोळा दिवस. वास असा की शेजारच्या काकू विचारायला आल्या, दारू गाळताय काय. माश्या, मुंग्या, आमच्या कुत्र्यानं टबात तोंड घालणं, सगळं झालं. सतराव्या दिवशी हात घालून एक बिजागरी काढली, पाण्याखाली धरली, आणि गंजाचा काळा चिखल ओघळून खाली करडं, स्वच्छ लोखंड दिसलं. बिजागरीच्या मागे छिन्नीनं कोरलेले दोन आकडे होते, ३ आणि ४. आप्पांनी कधीतरी दारं काढली असतील तेव्हा खूण करून ठेवली होती. माझ्या पिशव्यांवरही ३ आणि ४ च होते. ॲल्युमिनियमचं काही या पाण्यात घालू नका, कार्बोरेटर तर मुळीच नाही. धातू खाल्ला जातो. आणि बाहेर काढलं की लगेच धुऊन, पुसून तेल लावा, नाहीतर तासाभरात लाल पडतं.

चॅसिस नंबरची गोष्ट इथंच सांगतो, कारण ती चुकली तर बाकी सगळं व्यर्थ. चॅसिसवर नंबर ठोकलेला असतो, त्यावर गंज आणि जुन्या रंगाचे थर. तिथं ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. अक्षरं झिजली की स्वतःची गाडी चोरीची ठरायची वेळ येते. रॉकेल, मऊ पितळी ब्रश आणि सबुरी. स्वच्छ झाल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला.

जून ते सप्टेंबर शेडमध्ये काम अशक्य. ते चार महिने कागदांना दिले. मालक वारला असेल तर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, विक्रीचा फॉर्म ३० वेगळा. पासिंगच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. वारस म्हणून नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसुली कार्यालय) वंशवृक्ष काढला, त्याला तीन फेऱ्या आणि साधारण तीन आठवडे. दुसरी फेरी माझ्याच चुकीनं झाली, आईचं आधार कार्ड घरी राहिलं होतं. आई आणि बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र हवं. बहीण गडहिंग्लजला दिली आहे. गणपतीला आली तेव्हा नोटरीकडे नेऊन आणली. तुमच्याकडेही घरचे सीमेच्या दोन्ही बाजूंना असतील तर सह्यांचा मुहूर्त सणाशी जुळवा, एरवी ते जुळत नाही.

नावाचा घोळ बहुतेकांना येतो. आरसीवर आप्पांच्या नावापुढे 'राव' होतं, मृत्यूच्या दाखल्यावर नव्हतं. पत्ता आरसीवर बेळगाव, दाखल्यावर बेळगावी, कारण शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. पत्त्याचं कुणी विचारलं नाही. 'राव'साठी मात्र दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं आणखी एक प्रतिज्ञापत्र. कन्नडात लिहिलेल्या दाखल्यावरचं नाव शब्द लावून वाचून घ्या. मला बोलता येतं पण वाचताना मी पहिलीतल्या पोरासारखा अडखळतो, म्हणून बाहेरच्या टंकलेखकाला दोनदा वाचायला लावलं. एक वेलांटी चुकलेली निघाली, ती अर्ज भरायच्या आधीच निघाली हे नशीब.

ऑक्टोबरात जोडणी सुरू झाली. प्रत्येक आट्यातून टॅप आणि डाय (आटे पाडायची हत्यारं) फिरवून घेतले आणि तांब्याचं ग्रीस लावलं. मॅनिफोल्डला लोखंडी नट न लावता पितळेचे लावले, पुढच्या वेळी तेच आधी सुटतील. ग्रीस लावलेला बोल्ट नेहमीच्या जोरानं आवळला तर प्रत्यक्षात जास्त ताणला जातो, म्हणून हात थोडा आखडता. चाकांच्या स्टडना मात्र ग्रीस लावलं नाही. ते स्वच्छ आणि कोरडे ठेवले, आणि डाव्या बाजूच्या चाकांवर पांढऱ्या रंगानं उलटा बाण काढला.

पासिंगची मुदत मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात संपली होती. मुदत संपलेली गाडी चालवत नेता येत नाही, म्हणून पुन्हा छोटा हत्ती, ३० किलोमीटरला २,८०० रुपये. २० डिसेंबरला आरटीओत अर्ज दिला. पंधरा वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी तेव्हा ५,००० रुपये, आणि उशिराच्या दर महिन्याला ५०० प्रमाणे नऊ महिन्यांचे ४,५००. सुरू झालेला महिना पूर्ण धरतात. हरित कर वेगळा. विमा आणि प्रदूषणाचा दाखला आधीच हवा. मुदत संपायच्या आधी कागद सुरू केले असते तर ते साडेचार हजार वाचले असते. काम पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका.

पहिल्या तपासणीत मागचा दिवा लागला नाही. घरी लागत होता. नवीन रंगामुळे त्याची अर्थिंग तुटली होती. बोल्टाखालचा रंग खरवडायला दोन मिनिटं लागली, पण तारीख पुढच्या शुक्रवारची मिळाली. तोवर जीप अनगोळला मित्राच्या दारात. २७ डिसेंबरला साहेबांनी चॅसिस नंबर पाहिला, पेन्सिलचा ठसा घेतला, ब्रेक, हॉर्न, दिवे बघितले, आणि विचारलं की सीट मूळची आहे का. आहे म्हटलं. बाकी काही नाही.

फक्त बोल्टांच्या पायी झालेला खर्च १२,८५० रुपये. पाने २,६००, तेलं आणि स्प्रे १,९००, गॅस-वेल्डिंग २,२००, स्टड आणि यू-बोल्ट धरून लेथचं काम ४,८००, ड्रिल आणि टॅप १,३५०. मामांनी लावलेल्या वेळाचे पैसे त्यांनी निम्मेच घेतले, तेव्हा तुमचा आकडा जास्त धरा.

वहीत एकूण १६३ नोंदी आहेत. ९१ तेलानं आणि धीरानं सुटले, ४४ तापवून, १७ कापले, १० तुटले. उरला एक. मागच्या टोइंग हुकचा चौथा बोल्ट. त्याला तेल झालं, गॅस झाला, मेणबत्ती झाली. डोकं अजून शाबूत आहे, म्हणून मी आणि मामांनी तो सोडून दिला. हुक तीन बोल्टांवर सरळ करून घेतला आणि त्याच्यावरूनच रंग मारला. आई अजूनही तुळशीचं झालं की कुपी घेऊन तिकडे जाते.